मोटारसायकलची हत्यारपेटी

घरच्या घरी यंत्राची निगा राखावयाची तर पुष्कळ हत्यारे हवीत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हवी असतात ती नेमक्या मापाची हत्यारे. बेंगळूर शहरात हा भेद विशेष ध्यानी येतो. कारण दोन भिन्न कुळांतील जुन्या मोटारसायकली तेथील रसिकांनी अद्याप चालत्या ठेवल्या आहेत. एक जावा. म्हैसूरच्या कारखान्यात ती 1961 पासून तयार होऊ लागली, पुढे तिचेच नाव येझ्दी झाले, आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. दुसरी बुलेट, तिची जुळणी 1955 साली मद्रासला सुरू झाली.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. तिचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. बुलेट मूळची इंग्लंडची. तिच्या जुन्या गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात. या पान्यावरील आकडा तोंडाची रुंदी सांगत नाही, बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. नवशिका फसतो तो येथेच. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे 13.3 मिलिमीटर असते. त्या नटावर 13 चा पाना चढत नाही. 14 चा चढतो, पण सैल. सैल पान्याला जोर दिला की कडा झिजून नट गोल होतो, आणि पाच मिनिटांचे काम छिन्नी-हातोडीवर येते. कारखानाच बंद झालेल्या गाडीचा अस्सल नट पुन्हा सहजी मिळत नाही.

म्हणून पेटीत प्रथम रिंग पाने असावेत. उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना त्याला सर्व बाजूंनी कवेत घेतो. त्यानंतर गोटी पाने, प्लग पाना, फट मोजण्याचे फीलर गेज, निरनिराळे पेचकस आणि पक्कड. जुन्या जावाच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते, तेव्हा तिच्यासाठी एक मोजपात्रही हवे. तोंड कमी-जास्त होणारा पाना केवळ अडचणीपुरता.

टॉर्क पाना महाग वाटतो खरा. परंतु ॲल्युमिनियममधील आटे नाजूक असतात आणि अंदाजाने आवळलेला बोल्ट ते उपटून काढतो. उलट, चाकाच्या आसाचा नट सैल राहिला तर स्वाराच्या जिवावरच बेतते.

बेंगळुरात सुट्या भागांसाठी जे. सी. रस्ता प्रसिद्ध आहे. तेथे जाणाऱ्याने जुना नट खिशात घालून न्यावा आणि पाना त्यावर बसवून पाहूनच विकत घ्यावा. पेटी लहान असली तरी चालेल. तिच्यातील प्रत्येक पान्याला आपला नट ठाऊक असावा.