दीड हजार व्होल्टचा हिशेब

आपल्या विठ्ठलवाडी स्टेशनात कर्जत लोकल शिरते, तेव्हा तिच्या टपावरचा पेंटोग्राफ २५,००० व्होल्टच्या एसी तारेला घासत असतो. पूर्वी इथे १,५०० व्होल्ट डीसी होते. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेलेली देशातली पहिली विजेची गाडी याच दाबावर धावली. आपल्या कल्याण-पुणे मार्गावर १९२९ मध्ये वीज आली आणि रेल्वेसाठी इथे जवळच, ठाकुर्लीला, चोळा वीजघर उभे राहिले. इतकी वर्षे चाललेली ही व्यवस्था रेल्वेने का बदलली, ते शाळेतल्या दोन सूत्रांनी समजते.

गेऑर्ग ओहमने १८२७ मध्ये नियम मांडला. व्होल्टला अँपिअरने भागा, ओहममध्ये रोध मिळतो. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार करा, वॅटमध्ये शक्ती मिळते. घरातली इस्त्री २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर घेत असेल, तर तिची शक्ती १,००० वॅट आणि रोध सुमारे ५३ ओहम. आता संध्याकाळी दाब २०० व्होल्टवर उतरला, तर शक्ती किती उरेल? दाब तेरा टक्के घटला, म्हणून शक्तीही तेवढीच घटेल असे वाटते. पण रोध तोच राहिल्याने करंटही ३.७७ अँपिअरवर येतो. गुणाकार करा: ७५५ वॅट. जवळजवळ चौथा हिस्सा गेला! (साध्या पिवळ्या बल्बला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. त्याची तार तापली की तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो.)

आता गाडीकडे वळू. सोयीसाठी धरू, की वेग घेताना तिला ३० लाख वॅट लागतात आणि एक किलोमीटर तारेचा रोध ०.१ ओहम आहे. १,५०० व्होल्टवर करंट २,००० अँपिअर होतो. म्हणजे एका किलोमीटरमागे २०० व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि २०० गुणिले २,०००, म्हणजे चार लाख वॅटची नुसती उष्णता होते. २५,००० व्होल्टवर तेवढ्याच कामाला १२० अँपिअर पुरतात. तारेत १२ व्होल्ट जातात आणि वाया जातात १,४४० वॅट. दाब सतरापट वाढला, नुकसान पावणेतीनशेपट घटले, कारण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. जेम्स ज्यूलने १८४१ मध्ये हे प्रयोगाने दाखवले होते. माझ्या मते विजेच्या अभ्यासात याहून मोलाचे दुसरे काही नाही. डीसीची उपकेंद्रे काही किलोमीटरवर एक अशी दाट लागत, एसीची दूरदूर चालतात, तेही यामुळेच.

मग १९२५ मध्येच मोठा दाब का नाही घेतला? गाडीच्या मोटारी डीसीच्या होत्या, आणि धावत्या डब्यात एसीचे डीसी करणारी सुटसुटीत, टिकाऊ साधने तेव्हा नव्हती. त्या काळच्या अभियंत्यांचा निर्णय योग्यच होता. साधने आली, तसे मार्ग टप्प्याटप्प्याने बदलले. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्ग बदलला आणि मुंबईच्या लोकलमधले दीड हजार व्होल्ट संपले.

करंटचा हाच वर्ग घरच्या सॉकेटमध्येही लागू होतो. गिझरच्या प्लगची पिन काळी पडली असेल, तर तिथला जोड सैल आहे. त्या जोडाचा रोध अर्धा ओहम आणि करंट १० अँपिअर धरा: दहाचा वर्ग शंभर, त्याचे निम्मे पन्नास. ५० वॅटची उष्णता त्या बोटभर जागेत तयार होते. एमसीबी पडत नाही, कारण करंट नेहमीइतकाच असतो. म्हणून पिन काळी दिसली की गिझर बंद करून वायरमनला बोलवा आणि सॉकेटच बदलून घ्या.