ओसरीवरची राखण

(आमच्या वडिलांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त नवापूर तालुक्यातील आमच्या गावी, रविवारच्या उपासनेनंतर केलेले भाषण.)



बाबांना जाऊन या आठवड्यात एक वर्ष झालं. पाळकसाहेब म्हणाले, मुलगा म्हणून चार शब्द बोला. बोलणं हे माझं रोजचंच काम, पण आज जड जातंय. बाबा स्वतः सभेत कधी पुढं बसले नाहीत. ते दाराजवळ बसायचे आणि भाषण लांबलं की बैलांना पाणी पाजायला उठून जायचे. ते ध्यानात ठेवून बोलतो.

बाबांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे. इथं बसलेल्या कितीतरी जणांची तीच असेल. खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. बाबा आपलं वय १९७२ च्या दुष्काळावरून मोजायचे. "मिसरूड फुटत होतं तेव्हा खडी फोडायला गेलो," असं सांगायचे. आपला भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी आणि मिलोची लाल भाकरी त्यांना शेवटपर्यंत आठवत होती. ताटात अन्न टाकलेलं दिसलं की ते रागवत नसत. फक्त म्हणत, "मिलो खाल्ली असती तर टाकलं नसतं." बाबा आपल्या मावचीतच बोलायचे. पाहुण्यांना कळावं म्हणून मी मराठीत सांगतो आहे.

बाबांचे कष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. पावसाळ्यात भात, नागली, तूर. उन्हाळ्यात पहाटे उठून मोह वेचायचा. आणि दिवाळी झाली की सुरत जिल्ह्यात ऊसतोडीला. ऊस तोडणं म्हणजे काय ते इथल्या बायाबापड्यांना मी काय सांगू! पाचटानं हात कापतात, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, आणि गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. श्रावणात घरातलं धान्य संपतं तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची आणि होळीपर्यंत ती फेडायची. बाबांनी असे तिसाच्या वर हंगाम केले. मीही दुसरीत जाईपर्यंत त्यांच्या झोपडीत झोपलो आहे. पुढं मिशनच्या बोर्डिंगात जागा मिळाली म्हणून माझा कोयता सुटला.

कष्टाळू माणूस आपल्या गावात घरोघर आहे. बाबांच्या दोन गोष्टी मात्र मला वेगळ्या सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट पत्र्याच्या पेटीची. आपला फॉरेस्टचा प्लॉट बाबा त्यांच्या वडिलांबरोबर कसत होते. पीक उभं राहिलं की दंड व्हायचा. पावती हातात पडली की लोक रागानं फाडून टाकायचे. बाबा ती घडी करून पेटीत ठेवायचे. मी कॉलेजात असताना एकदा हसलो होतो, की दंडाच्या पावत्या कुणी जपतं का? ते म्हणाले, "मी इथं होतो, हे त्यांच्याच हातानं लिहिलेलं आहे."

वनहक्क कायदा २००६ चा, पण आपल्यापर्यंत पोचायला २००८ उजाडलं. आदिवासीची कसवणूक १३ डिसेंबर २००५ च्या आधीची आहे, याचे पुरावे मागितले गेले. तेव्हा बाबांनी पेटी उघडली. दंडाच्या पावत्या पुरावा म्हणून लागल्या. ज्यांच्याकडे कागदच नव्हता त्यांच्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो, हे कळल्यावर बाबा वनहक्क समितीपुढं बसले. कोणाचं शेत कुठल्या नाल्यापासून कुठल्या सागापर्यंत, बांधावरचं मोहाचं झाड कोणी राखलं, हे सगळं त्यांनी तोंडी सांगितलं आणि चौदा घरांसाठी अंगठा दिला. आमचा दावा तीन एकरांचा होता, पट्टा पावणेदोनचा आला. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग पट्ट्यावर आईचंही नाव आहे, हे मी वाचून दाखवलं. कायद्यानंच पट्टा नवराबायको दोघांच्या नावानं होतो. त्यांनी आईला हाक मारून तिचं नाव कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला मला सांगितलं. आई त्यानंतर दोनच वर्षं राहिली.

दुसरी गोष्ट मला सांगायला कठीण जाते, कारण तिच्यात माझी लाज आहे.

२०१४ चा पावसाळा. ईशज्ञानाची पदविका घेऊन, समाजकार्यात पडून मला काही वर्षं झाली होती. शिक्षण हक्क कायद्याची माहिती द्यायला मी आपल्याच गावच्या सभेत आलो. सहा ते चौदा वर्षांचं एकही मूल शाळेबाहेर राहू नये, मुलांना ऊसतोडीला नेऊ नका, असं मी पाऊण तास बोललो. बाबा दाराजवळ बसले होते. त्या दिवशी ते उठून गेले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "तू बोललास ते बरोबर आहे. पण तुझ्या भावाची चार पोरं इथं ठेवली, तर त्यांना भाकरी कोण देईल?"

मी म्हणालो, शासनानं सोय केली पाहिजे, संस्थेनं प्रयत्न केला पाहिजे. बाबांनी ऐकून घेतलं आणि हात धुवायला उठले.

मुकादम आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "या वर्षी माझं नाव लिहू नको." भावाला सांगितलं, "तुम्ही दोघं जा. पोरं माझ्याजवळ राहतील." बाबा टोळीत नाहीत म्हटल्यावर घरात येणारी उचल कमी झाली. ती भर काढायला बाबांनी जोडीतला एक बैल विकला. पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्याच्या बैलाशी जोड लावून नांगर धरला. ज्यांनी बाबांना त्यांच्या बैलांबरोबर पाहिलंय, त्यांना यातलं दुःख मी वेगळं सांगायला नको.

त्यांना भाकरी थापता येत नव्हती. चौथीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीनं ती त्यांना शिकवली. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी करपलेलंच खाल्लं. पण पोरं अंघोळ करून, वेळेवर, रोज शाळेत गेली. ते पाहून शेजारच्या घरानं आपली दोन मुलं सोडली. तिसऱ्या वर्षी आमच्या ओसरीवर अकरा मुलं झोपत होती. त्यांचे आईबाप जाताना तांदूळ, तूर ठेवून जायचे. कमी पडलं तर कसं भागवलं, हे बाबांनी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी दिव्याखाली सगळ्यांनी मोठ्यानं वाचायचं, हा नियम होता. बाबा हातात काठी घेऊन दोर वळत बसायचे. कुणी चुकलं की काठी जमिनीवर आपटायचे. एकदा मी विचारलं, तुम्हाला तर वाचता येत नाही, मग चूक कशी कळते? म्हणाले, "गाडीचा कणा कुरकुरला तर कळतो ना? तसंच." तो धाक खोटा नव्हता. त्यातली एक मुलगी आज नर्सिंगला आहे. भाकरी शिकवणारी तीच. आमच्या घरात उसाला हात न लावता मोठी झालेली ती पहिली.

पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या आजीचा, लोईसचा, विश्वास आठवतो. तिनं काय मोठं काम केलं ते शास्त्रात लिहिलेलं नाही. नातवाजवळ ती होती, एवढं कळतं. पदविकेच्या वर्गात मी तो भाग अभ्यासला होता, पण समजला तो आमच्या ओसरीवर.

आता शेवटचं. बाबा गेल्या सप्टेंबरात गेले. दिवाळीनंतर ओसरी रिकामी राहिली. थोडी मुलं नातेवाइकांकडे थांबली, पाच जण आईबापाबरोबर उसाला गेली. त्यात माझ्या भावाचा धाकटाही होता, सहावीतला. होळीला परत आला तेव्हा पायाच्या नळीवर कोयत्याची जखम होती. मी तालुक्याच्या गावी होतो, वीस किलोमीटरवर. येऊन प्रार्थना केली आणि परत गेलो. त्याला दोष देण्यासारखं दुसरं कुणी नाही.

म्हणून मी आणि माझ्या पत्नीनं ठरवलंय, की या दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही इथं, या घरात राहणार. कामावर मी इथून जाईन. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. त्यासाठी मुलांची यादी शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत जावी म्हणून मी पाठपुरावा करीन. पण मंजुरी येईतो पोरांना भाकरी लागेल, आणि आम्ही दोघं अकरा मुलांना पुरे पडू असं मला वाटत नाही. बाबा एकटे कसे पुरले, देव जाणे. या पाड्यावर अजून दोन घरं पाहिजेत, जिथं कुणी आजी, आजोबा, काका, मावशी थांबणार आहे.

बाहेर ओसरीवर चहा ठेवलाय. शेजारी एक वही आहे. ज्यांना यंदा जायचंय त्यांनी मुलांची नावं लिहा. जे थांबणार आहेत त्यांनी आपलं नाव लिहा. लिहिता येत नसेल तर अंगठा द्या. या घरातून दिलेला अंगठा चौदा घरांना उपयोगी पडला आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. सलाम.