चिमूटभर मिठाचा हिशेब

(नाशिक येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



मूल अभ्यासात मागे पडलं की घरातलं पहिलं बोट आईकडे वळतं. ‘पोटुशी असताना हिनं काय खाल्लं कुणास ठाऊक!’ त्या खाण्यातल्या एकाच गोष्टीचा, आयोडीनचा, हिशेब मी आज मांडणार आहे.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीनपासून जे संप्रेरक तयार करते, त्यावर बाळाच्या मेंदूची वाढ अवलंबून असते. पहिले साधारण तीन महिने बाळ त्यासाठी पूर्णपणे आईवर विसंबून असतं. शिवाय गरोदरपणी लघवीतून आयोडीन जास्त जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की, एरवी रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, ते गरोदरपणी २५० लागतं.

आता बेरीज करू. कायद्याप्रमाणे दुकानातल्या एक ग्रॅम मिठात निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवं. दिवसाला ५ ग्रॅम मीठ धरलं, तर हाती येतात ७५. मीठ उघडं राहिलं, ओलं झालं, तर त्याहून कमी. साधं खडेमीठ वापरलं, तर जवळजवळ काहीच नाही. जास्त मीठ खाणं हा उपाय नव्हे. त्यानं रक्तदाब वाढतो. उरलेलं आयोडीन दूध, अंडी, समुद्राची मासळी यांतून यायला हवं.

पण पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर किंवा सिन्नरच्या विडी कामगारांच्या घरात दूध आणि अंडं कुणाच्या वाट्याला येतं? बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते.

बाजरी, कोबी, मुळा यांत आयोडीनला अडवणारे घटक असतात. म्हणून भाकरी सोडायची नाही. आयोडीन पुरेसं मिळालं, तर त्यांचं भय नाही. तंबाखूचा धूरही अडवतो. अंगात रक्त कमी असेल, तर ग्रंथीचं कामही मंदावतं. सरकारी गोळीत लोह आणि फॉलिक अॅसिड असतं, आयोडीन नसतं. मात्र मनानं आयोडीनच्या गोळ्या घेऊ नका. अति झालं तरी ग्रंथी बिघडते.

तर आपण काय करायचं? आशाताईंकडून गावातल्या दुकानांचं मीठ तपासून घ्या. किटमधला थेंब पडताच आयोडीनचं मीठ निळं-जांभळं होतं. आदिवासी भागात २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेचं जेवण कोणत्या मिठात शिजतं, गरोदर बाईच्या ताटात अंडं पडतं का, हे अंगणवाडीत जाऊन बघा. पडत नसेल, तर ग्रामसभेत विचारा. आणि कुणी आईकडे बोट दाखवलं, तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.