आमच्या अर्जातला कर्ता

(अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक, इंग्रजीत काठावर पास. कविता करतो ती मराठीत. असा माणूस इंग्रजी सुधारण्यावर बोलणार. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एका गड्याची तीन बोटं गेली. विंचची तार तुटली, ओझं हातावर आलं. तार झिजलीय हे आम्ही दोनदा बोंबलून सांगितलं होतं. पण बोंब मराठीत, आणि ऑफिसात कागद चालतो इंग्रजीत. ठेकेदाराच्या कागदावर एकच ओळ: 'फिंगर्स वेअर क्रश्ड.' बोटं चिरडली गेली. कुणामुळं? कागद गप्प.

भरपाईचा अर्ज मी लिहायला घेतला. हातात मोबाइल. मराठी वाक्य गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकलं. 'बोटं गेली'चं त्यानं 'फिंगर्स वेंट' केलं. कुठं गेली, सासरी? म्हटलं, मोडकंतोडकं का होईना, आपणच लिहू. लिहिलं आणि ग्रामरलीत टाकलं. पानभर लाल रेघा! बऱ्याचशा 'अ' आणि 'द'च्या. मराठीत हे प्रकरणच नाही, म्हणून आपण तिथंच ठेचकाळतो. वस्तू पहिल्यांदा आली की 'अ विंच', ओळख झाली की 'द विंच'. एवढं वहीत उतरवलं आणि पुढच्या पानावर रेघा निम्म्यावर आल्या.

मग हेमिंग्वे एडिटर. ते फुकट उघडतं आणि पॅसिव्ह व्हॉइसला रंग फासतं. माझ्या 'द वायर वॉज नॉट चेंज्ड'ला फासला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. च्यायला, ठेकेदाराचंच व्याकरण मी गिरवत होतो! वाक्य फिरवलं: 'द कॉन्ट्रॅक्टर डिड नॉट चेंज द वायर.' कर्ता उघडा पडला.

शेवटी एका एआयला म्हटलं, इंग्रजी सुधार. त्यानं घातलं 'दुर्दैवी घटना' आणि 'नम्र विनंती'. भाषा गुळगुळीत, ठेकेदार गायब. ते सगळं खोडलं. मशीनला स्पेलिंग कळतं, झिजलेली तार कळत नाही.

म्हणून सांगतो, आधी स्वतः लिहा. मशीननं शब्द बदलला तर का बदलला ते शोधा, वहीत मांडा. पटलं नाही तर सोडून द्या. आणि साक्षीदारांची नावं त्यात टाकू नका. ऑनलाइन टाकलेला मजकूर बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जातो.

सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांचं भाषण पचेना, त्यांनी अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी ते इंग्रजी भाषण स्वतः छापलं. त्यांच्याकडं असली मशीन नव्हती. कर्ता कोण, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

आमचा अर्ज दिलाय. पोचेवर शिक्का घेतलाय. निकाल लागायचाय. पण आता ऑफिसातला साहेब तो वाचेल तेव्हा बोटं आपोआप चिरडली गेली, असं त्याला म्हणता येणार नाही.

जय भीम.