कितीला गेलं, कुणाकडे गेलं

घर बदलायचं ठरलं की माणसाला दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे आपल्याकडे किती सामान आहे, आणि दुसरी म्हणजे ते आपल्याखेरीज कुणालाच नको आहे. पहिल्या गोष्टीनं छाती दडपते. दुसरीचा राग येतो. श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते या रागाविषयी.

पुण्यात एका पेठेतल्या वाड्यात आमचं बिऱ्हाड होतं. तीन खोल्या, वर पोटमाळा आणि जिन्याखाली अडगळ. वाडा पाडून तिथं इमारत बांधायची ठरली. ती होईपर्यंत आम्हाला भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं होतं. हाताशी दोन महिने होते. घरात माणसं तीन : मी, माझे यजमान आणि 86 वर्षांच्या सासूबाई. चौथा म्हणजे 1957 सालापासून साठत आलेला संसार.

आम्ही सुरुवात केली भांड्यांपासून, कारण तांब्या-पितळेला चांगला भाव आहे असं सगळे सांगत होते. भाव आहे, पण तो धातूला. भांड्याला नाही. नवं भांडं घेताना आपण धातूच्या किमतीवर घडणावळ मोजतो. तेच भांडं विकायला नेलं की घडणावळ शून्य होते आणि उरतो तो मोडीचा भाव. त्यातूनही वजावट असते. बंबाची जाळी लोखंडाची, ती वजा. हंड्याला बुडाशी डाख लावलेला, तो वजा. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, म्हणून पितळेचा दर तांब्याहून कमी. दुकानदार यात लबाडी करत होता असं नाही. तो समजावून सांगत होता आणि त्याचं सगळं बरोबर होतं. म्हणून तर जास्त चीड येत होती. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारलेलं आमचं घंगाळ होतं. मठारायचं म्हणजे हातोडीनं एकेक ठोका शेजारी शेजारी बसवत जायचं. वजनकाट्यावर ते ठोके कुठं दिसणार?

आणि भांड्यांवरची नावं! तुमच्याही घरात असतील. 'मामांकडून सप्रेम भेट', खाली तारीख आणि गाव. आमच्या प्रत्येक पातेल्यावर कुणीतरी होतं. दुकानदारानं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, नाव असलं की दुसऱ्याला वापरायला विकता येत नाही. हे वितळवायलाच जाणार."

मग रद्दी. सासऱ्यांनी मराठी विश्वकोशाचे खंड, 1976 साली पहिला निघाला तेव्हापासून, पगारातून पैसे बाजूला ठेवून घेतले होते. रद्दीवाल्यानं वर्तमानपत्रांचा एक भाव सांगितला आणि पुस्तकांचा त्याहून कमी. मी कारण विचारलं. तो म्हणाला, "मावशी, बांधणीची पुस्तकं फाडावी लागतात. पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा." म्हणजे पुस्तक जितकं पक्कं बांधलेलं, तितका त्याला त्रास जास्त. शिवाय विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, हे माझ्या पुतण्यानं त्याच्यासमोरच सांगितलं.

सागवानी कपाट पाहायला चार जण येऊन गेले. चौघांनी दारं उघडून झाकली, ठोकून पाहिलं, "लाकूड चांगलं आहे" म्हणाले आणि गेले. हल्लीच्या घरांत कपाटं भिंतीतच केलेली असतात, आणि हे कपाट जिन्यातून उतरवायचं तर चार हमाल लागणार. बोहारीण आली, तिला सुती सदरे नको होते. तिची नजर साड्यांवर. खऱ्या जरीच्या जुन्या साड्या घेणारे लोक जर काढून त्यातली चांदी मिळवतात. एका स्टीलच्या डब्यासाठी तिनं "अजून एक पँट टाका" असं पाच वेळा म्हटलं.

जुना टीव्ही तर पैसे देऊनही कुणी नेईना. त्याच्या काचेच्या नळीत शिसं असतं, त्यामुळे ती कुठंही फोडून टाकणं धोक्याचं. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे 2012 पासून लागू झाले आणि 2023 पासून नवे आले. अशा वस्तू मान्यताप्राप्त संकलन केंद्राकडेच द्यायच्या असतात. आम्ही तसा दिला. पैसे मिळाले नाहीत, पण जागा रिकामी झाली.

शेवटी पुतण्यानं वस्तूंचे फोटो काढून मोबाईलवरच्या एका ॲपवर टाकले. दिवसभर फोन वाजू लागला. बहुतेकांचा प्रश्न एकच, "शेवटची किंमत काय?" पहिली किंमत विचारायला कुणाला वेळ नव्हता. रविवारी अकराला येतो म्हणून सांगणारे आले नाहीत. एकानं सांगितलं की तो सैन्यात आहे, बदली झाली आहे, शिलाई मशीन न बघताच घेतो. तो एक क्यूआर कोड पाठवणार, आम्ही तो स्कॅन करून पिन टाकायचा आणि पैसे जमा होणार. पुतण्या जागा होता म्हणून बरं. श्रोतेहो, एवढं नीट लक्षात ठेवा. यूपीआयवर पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी फसलंच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवायचं.

या सगळ्यात महिना गेला आणि आमच्या घरात चिडचिड सुरू झाली. यजमान म्हणत, "एवढ्याला देण्यापेक्षा फेकून देऊ." मी म्हणे, "फेकायचं कुठं?" आपल्याला वाटणारी किंमत आणि लोक देऊ करतात ती किंमत यात एवढं अंतर का पडतं, याचा विचार अर्थशास्त्रज्ञांनीही केला आहे. रिचर्ड थेलर, डॅनियल काहनमन आणि जॅक नेट्श यांनी 1990 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितले. बाकीच्यांना ते विकत घ्यायला सांगितले. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मग तोच, मिळून थोडाच वेळ झालेला. एवढ्याशा वेळात एका मगाची किंमत दुप्पट होत असेल, तर सत्तर वर्षं चुलीजवळ असलेल्या पातेल्याचं काय होईल? काहनमन यांना 2002 साली आणि थेलर यांना 2017 साली नोबेल मिळालं. आमच्या भंगारवाल्याला हे सगळं आधीपासून ठाऊक असणार. तो आम्ही सांगितलेला आकडा ऐकून नुसता हसायचा.

या काळात सासूबाई दारापाशी खुर्ची टाकून बसत. त्यांना त्रास होईल म्हणून त्यांच्यामागे वस्तू हलवाव्यात, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. पण दोन खोल्यांत उद्या त्यांनाही राहायचं होतं. काय नेलं, काय नाही, हे त्यांच्यापासून लपणार कसं? संध्याकाळी आम्ही हिशेबाला बसलो की यजमान मला विचारत, "कितीला गेलं?" सासूबाई विचारत, "कुणाकडे गेलं?"

आठ दिवस हा प्रश्न ऐकला आणि मी वही बदलली. वस्तूपुढे किमतीचा रकाना होता, त्याआधी माणसाचा रकाना घातला. गंमत अशी की माणसं सापडू लागली. शिलाई मशीन गल्लीतल्या फॉल-पिको करणाऱ्या बाईंनी नेलं. त्यांचं एक होतं, मुलीला शिकवायला दुसरं हवं होतं. विश्वकोश एका खेड्यातल्या शाळेनं नेला. तिथं मोबाईलला रेंज येत नाही. पाटा-वरवंट्याचं मला सर्वांत अवघड वाटत होतं. याच वरवंट्याला बाळाच्या बारशात पाळण्याखालून-वरून दिला होता, हे सासूबाईंनी तीनदा सांगून झालं होतं, आणि ते बाळ म्हणजे माझे यजमान. महामार्गावर जेवणाचं हॉटेल टाकलेल्या एका मुलानं तो ठेच्यासाठी मागून नेला. सासूबाईंनी त्याला पाटा टाकी लावून घ्यायला बजावलं.

नावाच्या भांड्यांचा निकाल सासूबाईंनीच लावला. त्या एकेक भांडं मांडीवर घेत, चष्मा पुसून नाव वाचत आणि सांगत, "हा हंडा मामांनी दिला. त्यांचा नातू चिंचवडला असतो, त्याला विचार." विचारलं. सगळ्यांनी घेतली नाहीत. त्यांचीही घरं दोन-तीन खोल्यांचीच. पण मामांचा नातू आला. त्याच्या घरात आजोबांच्या नावाची एकही वस्तू उरली नव्हती. हंडा गाडीत ठेवताना त्यानं पैशाचं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनी माझ्याकडून घेतले होते का?"

तरीही निम्म्याहून जास्त वजनावरच गेलं, हे सांगितलं पाहिजे. सगळ्याला माणूस मिळत नाही. भंगारवाला पातेली पोत्यात भरत होता तेव्हा सासूबाईंनी त्याला विचारलं, "याचं पुढे काय होतं रे?" त्यानं हात थांबवून नीट सांगितलं. फेरीवाल्याकडून दुकानात, दुकानातून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून भट्टीत. "म्हणजे परत भांडं होणार?" "भांडं होईल, नळ होईल, काही पण होईल, आजी." हे त्यांना पटलं. ज्या पुण्यात 1993 साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांनी आपली पंचायत उभी केली, त्याच गावात आपण या लोकांशी दारात फक्त किलोमागे रुपयावरून भांडतो. आपली वस्तू पुढे कुठं जाते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि विचारलं तर ते सांगतात.

सगळं मिळून जे पैसे आले ते टेंपो, हमाल आणि नव्या जागेतल्या पडद्यांत संपले. सागवानी कपाट शेवटपर्यंत गेलं नाही. सुताराकडून त्याच्या फळ्यांचं बुटकं बाकडं करून घेतलं.

तुमच्यापैकी कुणाला घर हलवायचं असेल तर दोन महिने पुरत नाहीत, सहा धरा. भाव एकदा दोन ठिकाणी विचारून घ्या आणि मग घासाघीस सोडून द्या. ती वस्तूसाठी नसते, आठवणींसाठी असते, आणि आठवणींचा भाव समोरच्यानं द्यावा ही अपेक्षा चुकीची आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आत बसवू नका, वही त्यांच्या हातात द्या. आणि भांडी वजनाला घालण्याआधी त्यांच्यावरची नावं एकदा मोठ्यानं वाचून घ्या. एखादा हंडा चिंचवडला जायचा असेल.