अंध माणूस आणि संगणक

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

मघाशी दाराशी चपला काढत होतो, तेव्हा एका आजींनी माझा हात धरला आणि विचारलं, "डोये नही ना भाऊ तुले, मंग लिखस कसा?" समितीने मला विषय संगणकाचा दिला आहे. पण खरं म्हणजे आजींचा प्रश्न हाच माझा विषय.

पडद्यावर जे अक्षर असतं ते बोलून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. मी माऊसला हात लावत नाही. सगळं काम कळफलकावर. एक बाण दाबला की एक ओळ ऐकू येते, दुसरा दाबला की एकेक अक्षर. त्याचा वेग मी इतका ठेवतो की तुम्हाला नुसती भुणभुण वाटेल. सवय आहे, दुसरं काही नाही. २०२० मध्ये बंद पडण्याआधी आपली पीजे ज्यांनी रोज केली, त्यांना शेंदुर्णी आलं की पहूर हे डोळे मिटूनही कळत होतं, तसंच हे.

इंग्रजीत जॉज नावाचा असा प्रोग्राम १९८९ साली आला. चांगलाच होता, पण किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. हा प्रोग्राम आजही फुकट मिळतो आणि त्यात मराठी बोलणारा आवाजही आहे. हातमजुरी करणाऱ्याच्या घरात मी संगणक शिकलो तो या फुकटपणामुळे. उगाच मोठेपणा सांगत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. टी. व्ही. रामन पुण्यात जन्मले, वाढले. काचबिंदूने चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मग मुंबईची आय.आय.टी., पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली डॉक्टरेट. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅकस्पीक नावाचं साधन तयार केलं. त्यात प्रोग्राममधले निरनिराळे भाग निरनिराळ्या आवाजात ऐकू येतात. टीप एका आवाजात, आज्ञा दुसऱ्या आवाजात. डोळस माणसाला जे रंगाने कळतं ते कानाला आवाजाने कळावं, ही त्यामागची युक्ती. २००५ पासून त्यांनी गुगलमध्ये काम केलं.

आता प्रोग्राम लिहायचा कसा? त्यात कंस, महिरपी कंस, अर्धविराम यांना फार किंमत. एक कंस राहिला की सगळं ठप्प. म्हणून आम्ही स्क्रीन रीडरला सांगतो की प्रत्येक चिन्ह बोल. पायथन नावाच्या भाषेत तर ओळ डावीकडून किती आत सरकली आहे यावर अर्थ ठरतो. ती मोकळी जागा ऐकायची कशी? एनव्हीडीए त्यासाठी सूर वाजवतो, ओळ जितकी आत तितका सूर वेगळा. चुकीच्या ओळीवर आलो की संपादकात बारीक आवाज होतो आणि एक कळ दाबून थेट पुढच्या चुकीवर जाता येतं.

एक किस्सा सांगतो. आमच्याकडे एकदा एका दुकानाचा हिशेब जुळेना. तिघं डोळस सहकारी दुपारभर पडद्याकडे बघत बसले. मी तो मालाचा क्रमांक अक्षर-अक्षर ऐकला. शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' टाइप झालेला. दिसायला दोन्ही गोल! त्या दिवशी चहा मला फुकट मिळाला. पण उलटही होतं बरं का. पडदा कसा दिसतो, रंग जुळतात का, एखादी आकृती काय सांगते, हे मला दुसऱ्याला विचारावं लागतं. एका ठिकाणी मुलाखतीत परीक्षाच माऊसने चित्रं ओढून लावायची होती. मी तासभर बसलो आणि कोरा पेपर देऊन उठलो. नोकरी गेली, ते अजून खुपतं.

आता थोडी आपल्या घरातली तक्रार. मागच्या स्मरणिकेची फाइल मी मागून घेतली. हौसेने लावली, तर यंत्र काहीबाही इंग्रजी अक्षरं बरळू लागलं. कारण ती जुन्या फॉन्टमध्ये होती. तिथे दिसतं मराठी, आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये टाइप केलं की हा त्रास नाही. तसंच विहाराचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून येतं. माझा फोन नुसतं 'चित्र' म्हणतो आणि गप्प बसतो. बुद्धपौर्णिमेची वेळ मला शेजाऱ्याला विचारावी लागली. चित्राखाली दोन ओळी टाइप करा, एवढंच मागणं आहे.

शेवटचं, आणि हे मला जड जातं. मी आठवीत असताना दृष्टी गेली. तेव्हा वस्तीतल्याच लोकांनी आईला सांगितलं, मागच्या जन्मीचं पाप आहे, भोगून संपेल. आई ताईत बांधून आली. धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्षुपाल थेरांची गोष्ट आहे. त्यांची दृष्टी गेली होती. चंक्रमण करताना पायाखाली किडे मेले. भिक्खूंनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी सांगितलं, त्याला ते दिसले नाहीत, मारण्याची चेतना नव्हती, म्हणून दोष नाही. पुढे त्याच गोष्टीत मागच्या जन्मातल्या दुष्ट वैद्याचा भाग येतो, तो मी लपवत नाही. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्माच्या कर्माचा हा विचार तपासून नाकारला आहे. ते ग्रंथाच्या कामात होते तेव्हा त्यांची स्वतःचीही दृष्टी अधू झाली होती. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्यांनी एखाद्या पोराच्या आईला पाप-पुण्य सांगावं, हे मला पटत नाही.

आपल्या गल्लीत एक मुलगा घरीच बसून आहे, हे मला कळलं आहे. नाव घेत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातला १ टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. कागदपत्रं घेऊन सोबत यायला मी तयार आहे.

भोजनदानानंतर माझा लॅपटॉप त्या कोपऱ्यातल्या टेबलावर असेल. पोरांनी डोळे मिटून चालवून बघावा. आजी, तुम्हीही या. आणि त्या मुलाच्या आई इथे बसल्या असतील तर, रविवारी सकाळी दहाला मी विहारातच आहे, त्याला घेऊन या.

नमो बुद्धाय, जय भीम.