पोरक्या बालकांचा सातबारा



कोरोनाची दुसरी लाट 2021 च्या फेब्रुवारीत अकोला-अमरावतीच्या परिसरात आधी उसळली. त्याच वर्षी मे महिन्यात शासनाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याजिल्ह्यांत कृती दले नेमली. कोरोनामुळे मातापित्यांचे छत्र हरपलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय जूनमध्ये झाला. वयाची 21 वर्षे पूर्ण झाल्यावर ती व्याजासह मिळावयाची आहे. तेव्हा जे मूल तीन वर्षांचे होते, त्याला 2039 पर्यंत थांबावे लागेल. ठेव सुरक्षित आहे, शेताचे काय?

वऱ्हाडात चार-पाच एकर काळी जमीन हीच पुष्कळ कुटुंबांची सारी मिळकत. वारस नोंद करताना बालकाचे नाव 'अज्ञान' म्हणून, पालनकर्त्याच्या नावासह, सातबाऱ्यावर लागले पाहिजे. काका सज्जन असतो, मुलाला मायेने सांभाळतो, आणि "मोठा झाला की पाहू" म्हणत नोंद राहून जाते. लबाडीपेक्षा ही दिरंगाईच मला अधिक घातक वाटते.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. केवळ सांभाळ करणाऱ्या नातलगाला तर तो अधिकारच नाही. परंतु सातबाऱ्यावर नावच नसेल, तर हे संरक्षण मागणार कोण? मुलीचे नाव तर लग्नाच्या घाईत सहज विसरले जाते.

तलाठी, ग्रामसेवक व मुख्याध्यापक यांनी एकत्र बसून गावातील अशा प्रत्येक बालकाचा सातबारा काढून पाहावा. फेरफारात त्याचे नाव नसेल, तर वारसाचा अर्ज त्याच बैठकीत लिहून घ्यावा.